पायाला भिंगरी: फिरता जिओकॅश शोधायचा कसा, पाठवायचा कसा

सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेली एक छोटी लाकडी भिंगरी मी दोन वर्षांपूर्वी स्टुटगार्टजवळच्या जंगलात, एका प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवून आले. सोबत एक कार्ड होतं: "मला या कार्डावर फिरवा. मी आडवी पडले की माझा दांडा ज्या दिशेला असेल, त्या दिशेच्या एखाद्या डब्यात मला पोचवा." तेव्हापासून तिला अनोळखी माणसं पुढे नेत आहेत. आपल्याकडे सतत भटकणाऱ्या माणसाच्या पायाला भिंगरी असते म्हणतात. ही भिंगरी स्वतःच भटकायला निघाली.

या खेळाबद्दल, म्हणजे जिओकॅशिंगबद्दल, मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. नव्याने परदेशात आलेली मराठी कुटुंबं मला वरचेवर विचारतात की सुरुवात कुठून करायची. त्यांच्यासाठी, आणि तिकडे महाराष्ट्रात बसून ज्यांना हे करून बघावंसं वाटतंय त्यांच्यासाठीही, मला जे कळलंय ते पायरी-पायरीने सांगते.

आधी खेळ समजून घ्या

कॅश म्हणजे दडवून ठेवलेला साठा. कोणीतरी एक डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो आणि बाकीचे जीपीएसच्या मदतीने तो शोधतात. डब्यात एक नोंदवही असते. तिच्यात आपलं टोपणनाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा परत लपवायचा आणि घरी येऊन संकेतस्थळावरही नोंद करायची.

खेळाचा जन्म अगदी नेमका सांगता येतो. अमेरिकेच्या सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली. तोवर साध्या यंत्रावर जागा सुमारे १०० मीटरपर्यंत चुकायची. त्या रात्रीपासून ती बरीच नेमकी कळू लागली. दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवली आणि तिची जागा इंटरनेटवर जाहीर केली. बादलीत पुस्तकं, गलोल, थोडे पैसे अशा वस्तू होत्या आणि चक्क एक बीन्सचा हवाबंद डबाही होता. हा डबा पुढे माग काढता येणारी वस्तू म्हणून खेळाडूंच्या मेळाव्यांत फिरला. त्याच वर्षी २ सप्टेंबरला जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू झालं. आज बहुतेक जण तिथेच खेळतात.

आता 'फिरता कॅश' या शब्दाचा घोळ सोडवू. सुरुवातीच्या काळात डबाच फिरता असायचा: ज्याला सापडेल त्याने तो उचलून दुसरीकडे लपवायचा आणि नवी जागा कळवायची. जिओकॅशिंग डॉट कॉमवर असे नवे डबे आता स्वीकारत नाहीत. कारण सरळ आहे. प्रत्येक डबा जागामालकाच्या परवानगीने, इतर डब्यांपासून अंतर राखून, कोणीतरी तपासून मंजूर केलेला असावा लागतो, आणि रोज जागा बदलणाऱ्या डब्याला हे लागू करता येत नाही. जर्मनीतल्या ओपनकॅशिंग या संकेतस्थळावर 'फिरता' हा प्रकार आहे, पण तिथे खेळणारे कमी.

म्हणून मी नवख्यांना सांगते, डबा जागच्या जागी राहू द्या, आतली वस्तू फिरवा. तिला ट्रॅकेबल म्हणतात. सगळ्यांत प्रचलित प्रकार म्हणजे ट्रॅव्हल बग: सैनिकांच्या ओळखपट्टीसारखी धातूची पट्टी, तिच्यावर एक कोड आणि ती अडकवलेली कुठलीही वस्तू. ही वस्तू डब्याडब्यांतून प्रवास करते आणि प्रत्येक मुक्कामाची नोंद होत गेल्याने नकाशावर तिचा मार्ग उमटतो.

शोधायला शिका, मग पाठवा

किमान वीस-पंचवीस डबे स्वतः शोधल्याशिवाय काहीही पाठवू नका, हे माझं ठाम मत आहे. चांगला डबा कोणता, ओल कुठून शिरते, कुठल्या जागी उभं राहिलं की लोक संशयाने बघतात, हे पायांनी फिरूनच कळतं.

फोनवर ॲप घ्या, खातं उघडा, टोपणनाव निवडा. नकाशावर ठिपके दिसतील. काही डबे पैसे भरणाऱ्या सदस्यांसाठी राखीव असतात. सुरुवातीला त्यांच्या मागे लागू नका. प्रत्येक डब्यापुढे दोन आकडे असतात, एक शोध किती अवघड आहे याचा आणि दुसरा वाट किती अवघड आहे याचा, दोन्ही १ ते ५ मध्ये. पहिल्या रविवारी दोन्ही आकडे दीडच्या आत ठेवा.

फिरती वस्तू शोधायची तर डब्याचा आकार महत्त्वाचा. शर्टाच्या बटणाएवढ्या नॅनो डब्यात नोंदीच्या कागदाची सुरळी जेमतेम मावते. १०० मिलिलिटरपेक्षा लहान तो मायक्रो. १०० मिलिलिटर ते १ लिटर म्हणजे छोटा, १ ते २० लिटर म्हणजे मध्यम. तुमच्या कामाचे हे शेवटचे दोन. डब्याच्या पानावर आतल्या फिरत्या वस्तूंची यादीही दिसते. मात्र यादीत असलेली वस्तू आत असेलच असं नाही, कारण कित्येक जण उचलतात आणि नोंद करायची विसरतात. शेवटच्या चार-पाच नोंदी वाचा. महिन्याभरात कोणाला डबा सापडलेला असेल तर निघा. सलग तीन जणांनी 'सापडला नाही' लिहिलं असेल तर दुसरा बघा.

अक्षांश-रेखांशांत नवखे हमखास फसतात. या खेळात ते अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. उत्तर ४८ अंश ४६.५०० मिनिटं हे फोनच्या साध्या नकाशात टाकायचं झालं तर ४८.७७५ असं टाकावं लागतं, कारण ४६.५ भागिले ६० म्हणजे ०.७७५. कोणी घाईत ४८.४६५ टाकलं तर तो साधारण ३४ किलोमीटर दक्षिणेला जाऊन पोचेल. मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थानाचं मोल जमिनीवर अक्षांशात १.८५ मीटर, त्यामुळे शेवटचा एक आकडा चुकला तर फार बिघडत नाही, पण पद्धत चुकली तर दिवस वाया जातो.

जागेपासून दहा-बारा मीटरवर आलात की फोन खिशात टाका. झाडीत आणि उंच इमारतींमध्ये बाण भिरभिरत राहतो, आणि त्याच्या मागे फिरणारा माणूस डबा पायाखाली असला तरी बघत नाही. त्याऐवजी स्वतःला विचारा, मी इथे डबा लपवला असता तर कुठे? मग नजर फिरवा. जरा जास्तच व्यवस्थित रचलेल्या काटक्या, एकट्याच उलट्या पडलेल्या सालीचा तुकडा, झाडाच्या बुंध्याशी ठेवलेला आणि इतरांसारखं शेवाळ न धरलेला दगड: माणसाच्या हाताची खूण अशीच दिसते. अडलंच तर पानावर एक सूचना असते. ती अक्षरं तेरा घरं सरकवून लिहिलेली असते, ॲपमध्ये एका टिचकीत उलगडते.

आजूबाजूला खेळाबाहेरची माणसं असतील तर थांबा, बुटाची नाडी बांधा, पाण्याचा घोट घ्या. त्यांच्यासमोर डबा काढलात तर तो तुमच्यामागून नाहीसा होण्याची भीती असते. पेन्सिल जवळ ठेवा. कडाक्याच्या थंडीत पेनची शाई गोठते. दक्षिण जर्मनीत मार्च ते ऑक्टोबर गवतातून फिरून आलात की पायांवर, गुडघ्यामागे गोचीड बघाच, आणि या भागात गोचिडीतून होणाऱ्या मेंदूज्वराची लस घेण्याविषयी डॉक्टरांशी बोला. संरक्षित निसर्गक्षेत्रात वाट सोडायची नाही. संध्याकाळची शिकारीची वेळ जंगलात टाळलेली बरी.

फिरती वस्तू हाती लागली तर

समजा डब्यात एक पट्टी लावलेली छोटी बाहुली निघाली. डब्यातली साधी वस्तू घेतली तर बदल्यात तेवढ्याच किंवा जास्त किमतीची ठेवायची असते, पण फिरत्या वस्तूला हा नियम नाही. ती कोणाच्या तरी मालकीची आहे आणि तुम्ही फक्त तिचे वाहक आहात. तिच्या पानावर तिचं उद्दिष्ट लिहिलेलं असतं ते आधी वाचा. एखादीला समुद्रापर्यंत जायचं असतं, एखादीला फक्त रेल्वे स्थानकांजवळचे डबे हवे असतात. साधारण दोन आठवड्यांत पुढे नेता येणार असेल तरच उचला. नसेल तर तिथेच राहू द्या आणि 'पाहिली' एवढी नोंद करा. डब्यात आहे म्हणून प्रत्येक वस्तू उचललीच पाहिजे असं मुळीच नाही.

दोन क्रमांकांतला फरक नीट लक्षात ठेवा. एक टीबीने सुरू होणारा, पानावर सगळ्यांना दिसणारा. दुसरा पट्टीवर कोरलेला गुप्त कोड. तो ज्याच्या हातात पट्टी होती त्यालाच ठाऊक असतो आणि तो टाकल्याशिवाय नोंद होत नाही. म्हणून फोटो टाकताना कोडवर अंगठा ठेवा. नाहीतर घरबसल्या शंभर जण 'पाहिली' म्हणून नोंदवतील आणि प्रवासाची मजा जाईल. याला एक सुंदर अपवाद आहे. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरलेल्या 'पर्सिव्हिअरन्स' गाडीवर, अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाला वापरतात तसल्या पॉलिकार्बोनेटच्या चकतीवर असाच एक कोड आहे. तिथे जाऊन कोणी उचलणार नाही, म्हणून नासाच्या फोटोंतून कोड हुडकून 'पाहिला' अशी नोंद करायची मुभा दिलेली आहे. मुलांना घेऊन एक पावसाळी संध्याकाळ यात छान जाते.

उचलल्यावर त्याच दिवशी 'घेतली' ही नोंद करा. वाटेत भेट दिलेल्या डब्यांवर तिला नुसतं 'फिरवून आणलं' असंही नोंदवता येतं, म्हणजे तिचे किलोमीटर वाढतात. नव्या डब्यात ठेवलीत की 'ठेवली'. एक फोटो टाका, दोन ओळी लिहा. मालक कुठेतरी दूर बसून याचीच वाट बघत असतो. मी बघते.

स्वतःची वस्तू तयार करणं

भिंगरीची तयारी जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या सगळ्या चुका इथेच झाल्या आणि तुमच्या टळाव्यात.

पट्टी विकत मिळते. पाकिटात सारख्याच कोडच्या दोन पट्ट्या आणि एक मण्यांची साखळी असते. एक पट्टी वस्तूला लावायची, दुसरी घरात जपून ठेवायची. ती का, ते शेवटी येईल. पट्टीचा खर्च नको असेल तर 'जिओक्रेती' हा पोलंडमध्ये सुरू झालेला मोफत पर्याय आहे. पोलिश भाषेत 'क्रेत' म्हणजे चिचुंद्रीसारखा जमिनीत बिळं करणारा मोल नावाचा प्राणी. तिथे खातं उघडून कोड घ्यायचा, लेबल घरीच छापायचं आणि चिकटपट्टीत बंद करून वस्तूला लावायचं. शाळकरी मुलांच्या पहिल्या प्रयोगाला हे उत्तम.

वस्तू निवडताना तीन गोष्टी तपासा: मुठीत मावते का, ओल सोसते का, आणि हरवली तर तुम्हाला रडू येईल का. आजीचा अडकित्ता, लग्नातलं नाणं असलं काही पाठवू नका. माझ्या ओळखीच्या एका मुलाने आजोबांनी दिलेली गोटी पाठवली आणि ती तिसऱ्याच डब्यातून गेली. त्याचं दुःख आईवडिलांनाही आवरता आलं नाही. खाऊ, वास येणारं साबण-अत्तर, मेणबत्ती नको. उंदीर आणि कोल्हे प्लॅस्टिक कुरतडून आत शिरतात. धारदार वस्तू, आगपेटी, दारू, औषधं यांना बंदीच आहे, आणि धर्म, राजकारण किंवा धंद्याचा प्रचारही या खेळात चालत नाही.

मी भिंगरी घेतली कारण ती खेळणं आहे आणि हातात आली की माणूस ती फिरवल्याशिवाय राहत नाही. पहिल्यांदा मी पट्टीची साखळी तिच्या दांड्यालाच बांधली. झालं काय, की वजन एका बाजूला गेलं आणि ती फिरेचना. दोन गिरक्या घेऊन कोलमडायची. मग तिच्यासाठी खणाच्या कापडाचा बटवा शिवला आणि पट्टी बटव्याच्या नाडीला अडकवली. आता भिंगरी मोकळी झाली, पण बटव्यापासून वेगळी पडण्याची भीती आली. म्हणून तिच्या पोटावर, दांड्याभोवती गोल, न पुसणाऱ्या शाईने कोड लिहिला. कार्डावरही तोच. तिन्हीपैकी काहीही वेगळं सापडलं तरी माग काढता येतो. कापड ओल धरतं हे पहिल्या हिवाळ्यात कळलं. तेव्हापासून बटवा झिपच्या जाड पिशवीत असतो.

कल्पना खेळकर, काम एकच

आता मुख्य गोष्ट. तुमची वस्तू स्वतः चालत नाही. कुठल्यातरी डोंगरावर, वाऱ्यात, एका हातात हातमोजा धरून उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला ती पुढे न्यावीशी वाटली तरच ती हलते. त्या माणसापाशी दोन मिनिटं असतात. कार्ड लिहिताना मी त्यालाच डोळ्यांसमोर ठेवते.

माझ्या पहिल्या मसुद्यात पाच कामं होती: भिंगरी फिरवा, फोटो काढा, तुमच्या भाषेत भिंगरीला काय म्हणतात ते लिहा, लहानपणीचा खेळ सांगा, आणि मग दिशा बघून पुढे न्या. नवऱ्याने ते वाचलं आणि म्हणाला, "हा तर परीक्षेचा पेपर झाला." मी चार कामं काढून टाकली. राहिलं ते एकच: फिरवा आणि दिशा बघा. गंमत म्हणजे काढून टाकलेली चारही कामं लोक आपणहून करतात. फोटो येतात, त्यांच्या गावात भिंगरीला काय म्हणतात ते येतं, आठवणी येतात. मागितलं असतं तर आलं नसतं असं मला वाटतं.

जंगलात सपाट जागा नसते, म्हणून कार्डच खेळाचा पाट केला. पोस्टकार्डाएवढा कडक पुठ्ठा, वरून प्लॅस्टिकचं आवरण, मधोमध बारीकसा खळगा. भोवती अष्टदिशा: पूर्व, आग्नेय, दक्षिण, नैऋत्य, पश्चिम, वायव्य, उत्तर, ईशान्य. नावं देवनागरीत, खाली जर्मन आणि इंग्रजीत. कार्ड उत्तरेकडे धरायचं, कारण फोनमध्ये होकायंत्र असतंच. मागच्या बाजूला सूचना, तीन वाक्यांत. आठ दिशांना आठ स्वतंत्र नावं आहेत याचं इथल्या लोकांना फार अप्रूप वाटतं. त्यांच्याकडे 'उत्तर-पूर्व' असा जोडशब्दच असतो. एका मुलीने डब्याच्या नोंदवहीत 'ईशान्य' हा शब्द कार्ड बघून देवनागरीत उतरवून काढला होता. तिच्या त्या 'श'चा फोटो मी अजून फोनवर जपून ठेवला आहे.

अट सैल ठेवा. मी 'त्या दिशेच्या एखाद्या डब्यात' असं लिहिलं आहे, किती लांब ते लिहिलेलं नाही. कोणी दोन किलोमीटर नेतं, कोणी सुट्टीला जाताना देश ओलांडतं. आणि एक ओळ सुटकेची: "दिशेला समुद्र, हमरस्ता किंवा तुमच्या घराच्या अगदी उलट वाट आली तर पुन्हा फिरवा." ही ओळ नव्हती तेव्हा एका प्रामाणिक गृहस्थांनी दिशा जुळेना म्हणून वस्तू सहा आठवडे घरी ठेवली आणि मग माफी मागत मला पत्र पाठवलं. त्यांची काहीच चूक नव्हती. मी वाट ठेवली नव्हती.

आपल्याकडच्या आणखी किती कल्पना यात बसतील! सोंगटी पाठवा आणि सहा कवड्या टाकून जेवढ्या उताण्या पडतील तितके डबे पुढे न्यायला सांगा. टिकलीएवढ्या वर्तुळांत ठसे उमटवायची वही पाठवा. मात्र काम एकच, दोन मिनिटांचं.

पहिला डबा निवडताना

वस्तू कुठे सोडता यावर तिचं अर्धं नशीब अवलंबून असतं. हमरस्त्यावरच्या थांब्यांवरचे डबे पटापट उघडले जातात, त्यामुळे तिथून वस्तू वेगाने जाते, पण तिथूनच सगळ्यांत जास्त गायबही होते. मी पार्किंगपासून वीसेक मिनिटं चालावं लागेल असा, मध्यम आकाराचा, कोरडा आणि गेल्या पंधरा दिवसांत कोणीतरी उघडलेला डबा निवडते. त्याच्या यादीतल्या फिरत्या वस्तू खरोखर आत आहेत का ते आधी एकदा जाऊन बघते. यादीत चार आणि डब्यात शून्य, असं असेल तर आपली पाचवी तिथे ठेवू नये. सर्वांत खात्रीची वाट म्हणजे खेळाडूंचा मेळावा: तिथे वस्तू थेट माणसाच्या हातात देता येते आणि ती कशी फिरवायची ते करूनही दाखवता येतं. लहान मुलं असतील तर जरूर न्या.

मुक्कामाचा डबा स्वतः लपवायचा असेल तर

फिरत्या वस्तूंसाठी मुद्दाम ठेवलेल्या मोठ्या डब्यांना ट्रॅव्हल बग हॉटेल म्हणतात. आपण धर्मशाळा म्हणूया. ही पायरी वर्षभर खेळल्यानंतरची आहे.

जागामालकाची परवानगी घ्या. जंगल असेल तर वनखात्याच्या कचेरीत विचारा. जमीन खणून डबा पुरायचा नाही, झाडाला खिळे मारायचे नाहीत. दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर हवं. हा विचित्र आकडा मैलाच्या दहाव्या भागातून आला आहे. डब्याची देखभाल तुम्हालाच करायची असल्याने सुट्टीत गेलेल्या गावी डबा ठेवून परत येता येत नाही. असे डबे मंजूर होत नाहीत. चारही बाजूंनी कड्या लागणारा, झाकणात रबरी पट्टी असलेला डबा घ्या. शक्यतो पारदर्शक घ्या आणि बाहेरून मोठ्या अक्षरांत 'जिओकॅश' लिहा, म्हणजे कोणा वाटसरूला भलतीच शंका येऊन पोलीस बोलवायची वेळ येणार नाही. जागेचे अक्षांश-रेखांश एकदाच घेऊन भागत नाही. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी चार-पाच वेळा मोजा आणि सरासरी काढा. मग मजकूर लिहून पाठवा; स्वयंसेवक तपासनीस तो वाचून डबा प्रसिद्ध करतात. त्यांनी काही विचारलं तर चिडू नका, ते हे काम विनामोबदला करतात.

महाराष्ट्रात खेळताना

इथे मी जास्त सावध आहे. रेल्वे स्थानकावर "बेवारस वस्तूंना हात लावू नका" ही घोषणा ऐकत आपण मोठे झालो. मुंबईने त्यामागचं कारण सोसलं आहे. त्यामुळे स्थानकं, बस आगार, बाजार, देवळं, सरकारी कचेऱ्या, धरणं आणि लष्करी हद्द यांच्या आसपास डबा ठेवायचा विचारही करू नका. संरक्षित किल्ले आणि लेण्यांवर, तसंच अभयारण्यात परवानगीशिवाय काही ठेवणं हा गुन्हा ठरू शकतो. सह्याद्रीत दगडांच्या फटीत हात घालण्याआधी काठीने चाचपा. फुरसं आणि विंचू तिथेच असतात. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर डब्यासाठी पाऊल टाकू नका. आणखी एक: परदेशातून येताना उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारं यंत्र सोबत आणू नका. भारतात त्याला परवाना लागतो आणि विमानतळावर लोक अडकले आहेत. फोनचं जीपीएस पुरेसं आहे.

खेळाडू विरळ असल्याने इथे ठेवलेली वस्तू महिनोन्महिने एकाच डब्यात पडून राहते. त्यापेक्षा वस्तू स्वतःजवळ ठेवून सुट्टीत फिरवा आणि परतताना युरोप-अमेरिकेतल्या एखाद्या वर्दळीच्या डब्यात सोडा. अर्थकॅश नावाचा प्रकारही बघा. त्यात डबा नसतोच. एखाद्या भूरूपाजवळ जाऊन, निरीक्षण करून प्रश्नांची उत्तरं मालकाला पाठवायची असतात. बसाल्टच्या थरांवर उभ्या असलेल्या आपल्या प्रदेशाला हा प्रकार साजेसा आहे, आणि बेवारस वस्तूचा प्रश्नही त्यात उद्भवत नाही.

आणि ती हरवली तर

हरवेल. बहुतेक फिरत्या वस्तू कधी ना कधी हरवतात, आणि मुलांना हे आधीच सांगून ठेवा. नोंदी थांबल्या तर शेवटच्या वाहकाला सौम्य शब्दांत विचारा: "भिंगरी तुमच्याकडे सुखरूप आहे का?" रागाने लिहिलेल्या पत्राला उत्तर येत नाही. ज्या डब्यात ती असायला हवी त्याचा मालक 'सापडत नाही' अशी खूण करू शकतो, तुम्हालाही करता येते. ही खूण केली तरी पान बंद होत नाही. एखादी वस्तू कोणाच्या तरी पाठपिशवीच्या तळाशी वर्ष-दीड वर्ष राहून पुन्हा एखाद्या डब्यात उगवते, असं पुष्कळदा होतं.

मी वर्षभर थांबायचं ठरवलं आहे. त्यानंतर घरात जपलेली दुसरी पट्टी बाहेर काढायची, तिला तशीच दुसरी वस्तू जोडायची आणि पानावर स्पष्ट लिहायचं की ही दुसरी आहे. कोड तोच, मार्ग तोच, किलोमीटर जिथे थांबले तिथून पुढे मोजले जातात. गेल्या मे महिन्यात गावी गेले तेव्हा चितारआळीतून मी एक भिंगरी जास्तीची घेतली. हिरवी आहे. पहिली लाल होती, म्हणजे फोटोंत दोघी ओळखू येतील.